लांडगा कुठे ठेवायचा

धरणगावात, जिनिंगच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये
योना पाडवी सागाच्या नळ्यांना तोंडं पाडत बसतात.
नळीला पाय असतो, ओठ असतात,
खालच्या ओठावर पटाशी इतकी हलकी
की ढलपी पडत नाही, उडते.

"हाई काय शे, भो?" सरकीचं पोतं टेकवून हमालानं विचारलं.
ऑर्गन.
"म्हंजे पेटी?"
पेटीत पत्ती थरथरते. यात काहीच हलत नाही,
नुसता वारा तोंडातून जातो आणि आवाज होतो.
"मंग ते आमना सरपंच बी ऑर्गनच शे."

तेहेतीस वर्षं भुसावळच्या कारखान्यात पॅटर्नमेकर.
लाकडाचं चाक करायचं, वाळूत दाबायचं,
काढून घ्यायचं, उरलेल्या पोकळीत लोखंड ओतायचं.
लोखंड गाडीखाली मुंबईला, नागपूरला.
लाकूड फळीवर.
"मी पोकळीच करत होतो," म्हणतात,
"आता तिच्यात लोखंड नाही ओतत, इतकंच."

लहानपणी नवापूरच्या मिशनबंगल्यात
अशाच एका छोट्या ऑर्गनचा भाता ओढला होता त्यांनी.
पुढे त्याला वाळवी लागली.
आठवतं ते एवढंच : पट्ट्या उलट्या,
पांढऱ्यांच्या जागी काळी शिसव,
काळ्यांच्या जागी हाड,
आणि वाजवणाऱ्या बाईंची टाच, फाटक्या मोज्यातून.

मी जुलेखा. माझ्या बापाची पिंजण
गल्लीच्या टोकाला वाजली तरी मला कळायचं
आज तांत ओलसर आहे.
ह्या कानासाठी त्यांनी मला ठेवली.
वैशाखात पहाटे चारला, पत्रा तापायच्या आत, सूर लावायचा.
दहा वाजले की सगळ्या नळ्या मिळून चढतात,
त्यांना समजावण्यात अर्थ नसतो.
भात्यावर विटा दोन. तिसरी ठेवून पाहिली एकदा,
कुत्री भुंकली.

मी बूच दाबते, ते पट्टी धरतात.
दोन नळ्या भांडतात, वाव् वाव् वाव्,
मग वा…व्, मग एकच धार.
पण पंचम पुरता मिटू द्यायचा नाही.
केसभर उतरवायचा, म्हणजे गंधार गोड होतो.
असे अकरा उतरवले
की बारावा उरतो, रुंद, फाटलेला.
तो ओरडतो. जुने कारागीर त्याला लांडगा म्हणत.
"कुठे ठेवायचा?"
त्यांनी असं विचारलं, जसं पाहुण्याचं अंथरूण.

कोमल धैवत आणि कोमल गंधाराच्या मधे, ते म्हणाले,
तिकडे आमची गाणी फिरकत नाहीत.
मी म्हटलं, पण भैरवी?
भैरवी तिथूनच जाते.

हातातलं बूच त्यांनी खाली ठेवलं.
तीन दिवस शेडला कुलूप.
चौथ्या दिवशी आले, कळण्याची भाकरी बांधून आणलेली,
म्हणाले, राहू दे तिथेच,
शेवटीच वाजवतात ना ती.

कार्तिकात, जिनिंग चालू, हवेत सगळीकडे पांढरं.
पंधरा-वीस माणसं, दोन शेळ्या, पाळी सुटलेले हमाल.
योनांनी एक जुना नाच वाजवला, परदेशातल्या कुठल्या दरबारातला,
चारातल्या एका बोटाला संधिवात, ते मागून येत होतं.
संपला. हात उचलले.
रिषभ थांबेना.
हात मांडीवर, आणि रिषभ तसाच, कुणाचाच नसलेला.
लोक त्यांच्याकडे बघत होते, ते माझ्याकडे.
तेव्हा लक्षात आलं, तो माझ्या हातात आहे.
मी भाता सोडला.
आधी उतरला, मग सैल पडला, मग नुसती फुंकर.

फळी उघडली. कातड्याच्या झडपेखाली
कापसाचा एक तंतू.
चिमट्यानं काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला,
"तुझ्या घरचं दिसतं."

फळी लागली. विटा पुन्हा जागेवर.
मागून पोत्यावरचा तोच आवाज :
"आते एक भैरवी वाजाडा, बाबा."

योनांनी वळून पाहिलं.
मी भाता भरून घेतला.